आपल्या डोंगरातला डिजिटल नकाशा कितपत खरा, आणि ते तपासायचं कसं?

कातळवाट
नमस्कार मंडळी. आम्ही सात-आठ जण अकोले तालुक्यात, म्हणजे कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड या पट्ट्यात, कुणी वाट चुकलं किंवा पडलं की शोधायला जातो. संस्था वगैरे काही नाही, फोन आला की निघायचं एवढंच.

फेब्रुवारीत एका मुलाचा पाय मुरगळला, त्याने लोकेशन पाठवलं, आम्ही मोबाईलमधल्या नकाशावर बघितलं तर त्याच्यापर्यंत जाणारी तुटक रेघ व्यवस्थित दिसत होती, पायवाट म्हणून. अंधार पडलेला, आम्ही त्या रेघेवरून उतरलो आणि वीस मिनिटांनी थेट कड्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिलो. तो मुलगा समोर बॅटरी हलवतोय, आम्हाला दिसतोय, आवाज पण येतोय, पण मध्ये घळ. नकाशावर आमचा ठिपका आणि त्याचा ठिपका यात नखाएवढं अंतर. परत वर चढून, सोंड ओलांडून त्याच्यापर्यंत पोचायला तीन तास गेले. मुलगा सुखरूप आहे. पण ते तीन तास माझ्या डोक्यातून जात नाहीयेत, कारण पाय मुरगळण्याऐवजी रक्तस्राव असता तर? (नेमकी जागा मुद्दाम लिहीत नाही, कुणीतरी ती वाट बघायला जाईल.)

तर प्रश्न असा की हे नकाशे वापरण्याआधी आम्ही स्वतः तपासू शकतो का? आमच्याकडे मोबाईल आहेत, एक जुना हातातला जीपीएस आहे, आणि चालायची तयारी आहे. पैसे नाहीत. कुठून सुरुवात करायची?

अक्षांश२३
दादा, मी जीआयएस, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचं शास्त्र शिकतोय, मास्टर्सचं दुसरं वर्ष. आधी एक गोष्ट, 'नकाशा अचूक आहे का' हा एक प्रश्न नाहीये, त्यात चार-पाच प्रश्न आहेत आणि ते वेगवेगळे तपासावे लागतात. वस्तू नकाशात जिथे दाखवलीये तिथेच आहे का, हा एक. जमिनीवर जे आहे ते सगळं नकाशात आलंय का, हा दुसरा. विहिरीला विहीर म्हटलंय की टाकं, पायवाटेला पायवाट म्हटलंय की गाडीरस्ता, हा तिसरा. माहिती कधीची आहे, हा चौथा. आणि रेघा एकमेकींना नीट जोडल्यात का, म्हणजे वाट ओढ्यापाशी मध्येच तुटत तर नाही ना, हा पाचवा. आयएसओ १९१५७ नावाचं जे मानक आहे त्यातही साधारण हेच भाग आहेत.

जागेची अचूकता तपासायची तर अमेरिकेत १९९८ पासून वापरात असलेली एक पद्धत आहे, ती तुम्हालाही जमेल. किमान २० खुणा निवडायच्या ज्या नकाशातही स्पष्ट दिसतात आणि जमिनीवरही. सगळ्या एकाच कोपऱ्यात नकोत, भागाचे चार तुकडे केले तर प्रत्येकात निदान पाचवा हिस्सा खुणा हव्यात. मग त्या जागी जाऊन तुमचं मोजमाप घ्यायचं आणि दोन्हीतला फरक काढायचा. अट एकच, तुमचं मोजमाप नकाशापेक्षा जास्त भरवशाचं हवं आणि त्याच नकाशावरून घेतलेलं नको.

पारवा
एवढा खटाटोप कशाला पण? सॅटेलाइट फोटो चालू करायचा, त्यावर रेघ बसते का बघायचं, झालं की. फोटो खोटं थोडीच बोलतो.

अक्षांश२३
@पारवा, फोटो खोटं बोलत नाही पण तो सरकलेला असू शकतो, आणि डोंगरात तर हमखास असतो. उपग्रह नेहमी बरोब्बर डोक्यावरून फोटो घेत नाही, तिरका घेतो. मग तो सपाट करून नकाशावर बसवताना जमिनीच्या उंचीचं मॉडेल लागतं. समजा त्या मॉडेलमध्ये कड्याजवळ ४० मीटरची चूक आहे आणि फोटो २५ अंशातून घेतलाय, तर जमिनीवरची जागा जवळजवळ १९ मीटर सरकते. सपाट पठारावर हीच चूक दोन-तीन मीटरची असेल. आणि उंचीची जी मोफत मॉडेल्स आपण वापरतो त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध, एसआरटीएम, फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातून ११ दिवसांत रडारने मोजलं गेलं. त्याचा एकेक चौकोन साधारण ३० मीटरचा. सह्याद्रीचा उभा तुटलेला कडा त्या चौकोनांमध्ये नुसता तीव्र उतार होऊन जातो. म्हणून ॲपमध्ये ज्या समोच्च रेषा दिसतात त्या बघून 'इथून उतरता येईल' असं कधीच ठरवू नका. शिवाय रडार झाडांच्या शेंड्यांवरूनही परततं, त्यामुळे दाट जंगलात जमीन आहे त्यापेक्षा उंच येते.

आणि मुख्य म्हणजे नकाशातली ती रेघ जर त्याच फोटोवरून कुणी काढली असेल तर ती फोटोवर बसणारच ना! त्यातून काय सिद्ध झालं?

पारवा
हे माहीतच नव्हतं. मी इतकी वर्षं याच भरवशावर फिरतोय.

मोजणीदार
मी भूमी अभिलेखात भूकरमापक होतो, आता निवृत्त. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

मोजणीत आम्हाला पहिली शिकवण ही की मोजायला सुरुवात करण्याआधी मूळ खूण सापडली पाहिजे. जुना दगड, विहिरीचा कोपरा, तीन हद्दी मिळतात ती जागा. ती चुकली की पुढचं सगळं कितीही बारकाईने मोजा, चुकलेलंच येणार. तुमच्या वीस खुणांचं तसंच आहे. देवळाचा कळस किंवा घराचं छप्पर खूण म्हणून घेऊ नका, तिरक्या फोटोत उंच वस्तूचा माथा बाजूला कलतो, पाया एकीकडे आणि माथा दुसरीकडे. बांधाचा कोपरा, टाक्याचा कोपरा, दोन रस्ते मिळतात ती जागा, हे चांगलं.

गोल विहीर तर उत्तम, पण मध्यावर उभं राहता येत नाही. त्यासाठी कठड्यावर समोरासमोर चार जागा धरायच्या, पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर. प्रत्येक जागी मोबाईल कठड्यावर ठेवून दहा मिनिटं थांबायचं, हातात धरायचा नाही, अंगाचा आडोसा होतो. चौघांची सरासरी म्हणजे विहिरीचा मध्य. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी परत तेच करायचं. दोन दिवसांत पाच-सहा मीटरच्या वर फरक आला तर ती खूण सोडून द्या.

कातळवाट
काका, फार उपयोगाचं सांगितलंत. एक विचारतो, आमच्याकडे एका जुन्या टोपोशीटची, म्हणजे सर्वेक्षण विभागाच्या छापील नकाशाची, स्कॅन केलेली प्रत आहे, पन्नास हजारी (१:५०,०००). त्यावर त्या भागातली खरी वाट दाखवलीये. पण मोबाईलमध्ये टाकली की सगळंच शे-सव्वाशे मीटर बाजूला जातंय, ओढे सुद्धा.

मोजणीदार
ती चूक नाही, तिचा पाया वेगळा आहे. जुन्या शीट एव्हरेस्ट गोलाभावर काढलेल्या, पृथ्वीच्या आकाराचा १८३० सालचा तो हिशेब. जीपीएस चालतो डब्ल्यूजीएस ८४ या नव्या हिशेबावर. आपल्या भागात दोन्हींच्या अक्षांश-रेखांशात शंभर मीटरच्या पुढे फरक पडतो. २००५ च्या नकाशा धोरणानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने ज्या ओपन सिरीज शीट काढल्या त्या डब्ल्यूजीएस ८४ वर आहेत. तुमची जुनी असेल तर ॲपमध्ये आधी डेटम, म्हणजे हा पाया, बदलून घ्या, मग बघा ओढे जागेवर येतात का. वाट फेकून देऊ नका. त्या काळी माणूस पायी फिरून ती वाट काढत होता.

लीड्सकर
मी यूकेत असतो, ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे कुणालाही भर घालता येते असा मोफत नकाशा, त्याच्या इथल्या लोकांबरोबर अधूनमधून फिरतो. इथे याच प्रश्नावर एक गाजलेला अभ्यास झालाय. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या मुकी हॅकले यांनी २०१० मध्ये लोकांनी काढलेला ओपनस्ट्रीटमॅप आणि ब्रिटनचा सरकारी नकाशा यांची तुलना छापली. सरासरी फरक आला साधारण ६ मीटर, म्हणजे हौशी लोकांनी केलेलं काम म्हणून फारच चांगलं.

पद्धत मात्र तुमच्या कामाची आहे. वाटेवर 'हीच ती जागा' असं बोट ठेवता येत नाही, कारण वाट म्हणजे रेघ, खुणा कुठे धरणार? मग काय करायचं, भरवशाच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना ठरावीक रुंदीचा पट्टा आखायचा, समजा १५ मीटर, आणि नकाशातली रेघ त्या पट्ट्यात किती टक्के पडते ते मोजायचं. गुडचाइल्ड आणि हंटर यांनी १९९७ मध्ये मांडलेली पद्धत आहे. तुमच्याकडे चार-पाच जणांचे चाललेले ट्रॅक, म्हणजे चालताना जीपीएसने नोंदलेल्या रेघा, असतील तर त्यांच्या मधोमध जाणारी रेघ भरवशाची धरा. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात पट्टा काढणं अगदी सोपं.

बांधावरची
मी संगमनेरकडची. माझा प्रश्न डोंगराचा नाही, शेताचा आहे, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. गाव नकाशा ऑनलाइन उघडला की सॅटेलाइटच्या वर आमच्या गटाची रेघ दिसते, आणि ती सरळ आमच्या विहिरीतून जाते. म्हणजे अर्धी विहीर शेजाऱ्याची! सासऱ्यांच्या काळापासूनचा बांध दहा पावलं पलीकडे आहे. आता शेजारी मोबाईल दाखवून म्हणतो, बघा वहिनी, सरकारच सांगतंय. घरात सगळ्यांची झोप उडालीये.

मोजणीदार
ताई, आधी शांत व्हा. ती रेघ म्हणजे मोजणी नव्हे. मूळ गाव नकाशे कापडावर, कागदावर, ३३ फुटी साखळीने केलेल्या मोजणीवरून उतरवलेले. समजा नकाशा इंचाला २० साखळ्या या मापाचा आहे, तर कागदावर अर्धा मिलिमीटर जाडीची शाईची रेघ जमिनीवर ४ मीटर होते. नुसती रेघेची जाडी! त्यात कापड आकसलेलं, घडीवर ताणलेलं, मग स्कॅन केलं, मग दोन-चार खुणा धरून सॅटेलाइटवर बसवलं. दहा पावलं चुकणं यात नवल नाही. पूर्ण गावाचा नकाशा त्या फोटोवर एकाच बाजूला सरकलाय का ते बघा. रस्ता, ओढा, गावठाण, सगळ्याच्या रेघा तेवढ्याच आणि त्याच दिशेला सरकल्या असतील तर तुमच्या बांधाला काहीही झालेलं नाही.

हद्द ठरते ती टिपण (मूळ मोजणीची नोंद), फाळणी नकाशा (पोटहिश्श्यांचा) आणि प्रत्यक्ष जागेवरच्या मोजणीवर. मोजणीचा अर्ज करा, आता रोव्हरने, म्हणजे अचूक जीपीएस यंत्राने मोजतात, राज्यात सत्तरच्या वर कॉर्स स्टेशनं, म्हणजे उपग्रहांचे सिग्नल सतत टिपणारी कायमची केंद्रं आहेत, त्यांच्या जोडीने काही सेंटिमीटरपर्यंत जागा मिळते. शेजाऱ्यालाही मोजणीच्या दिवशी हजर राहू द्या. मोबाईलवरच्या रेघेवरून भावकीत डोकी फुटलेली मी स्वतः पाहिलीत.

बांधावरची
काका, आत्ता बघितलं. शाळेजवळचा रस्ता पण तेवढाच सरकलाय, ओढा पण. आणि दिशाही तीच! तुम्हाला खरंच कळणार नाही मला किती हलकं वाटलं. शेजाऱ्यांना संध्याकाळी बोलावून दाखवते.

रानमेवा
मी त्या भागातलीच, राजूरला माहेर. तुम्ही सगळे मीटर मोजताय ते ठीक आहे पण नावांचं काय? साम्रदचं समराद, पाचनईचं पचनई, इंग्रजीतून परत मराठीत आणताना काहीच्या काही होतं. हे नुसतं शुद्धलेखन नाही. घाटघर दोन आहेत, एक आमच्या भंडारदऱ्याच्या वरचं आणि एक जुन्नर तालुक्यात नाणेघाटाजवळचं. सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटर, पण गाडीने घाट उतरून-चढून कितीतरी जास्त. फोनवर घाबरलेला माणूस 'आम्ही घाटघरला आहोत' म्हणतो आणि नकाशात शोधलं की पहिलं जे येईल त्यावर बोट पडतं. तालुका विचारल्याशिवाय निघूच नये.

आणि वाड्या! नकाशात गावाचं नाव गावठाणावर एकदा लिहिलं की झालं, ठाकरवाडी, वरची वाडी, पठारावरची चार घरं, ही कुठेच नाहीत. बाळंतपणाला गाडी बोलावली तर ती गावात येऊन थांबते आणि पुढे विचारत बसते. ज्याला जास्त गरज तोच नकाशात नाही.

कातळवाट
रानमेवा ताई, अगदी खरं. यात अजून एक भर घालतो, लोकेशन आकड्यांत पाठवताना लोक अंश-मिनिटं आणि दशांश यांची गल्लत करतात. कळसूबाई साधारण १९ अंश ३६ मिनिटं उत्तर, ७३ अंश ४२ मिनिटं पूर्व. हेच कुणी १९.३६ आणि ७३.४२ असं टाईप केलं की शिखर चाळीसेक किलोमीटर सरकून ठाणे जिल्ह्यात जातं. आम्हाला एकदा असं आलं होतं, सुदैवाने त्यांनी डोंगराचं नावही लिहिलं होतं.

पारवा
उंचीचं कुणी सांगेल का? कळसूबाई १६४६ मीटर, सगळ्या पुस्तकांत तेच. माझा फोन माथ्यावर १५८० च्या आसपास दाखवत होता. देवळाला टेकून उभा होतो.

अक्षांश२३
फोन बरोबर होता, तो वेगळ्या पायापासून मोजत होता. जीपीएस मूळ उंची देतो ती गणिती गोलाभापासून, समुद्रसपाटीपासून नाही. आणि भारतात समुद्रसपाटीचा पृष्ठभाग त्या गोलाभाच्या बराच खाली आहे, आपल्याकडे साठेक मीटर. काही फोन हा फरक आधीच वजा करून दाखवतात, काही नाही. कोकणात पुळणीवर उभं राहून बघा, असा फोन उणे साठच्या पुढचा आकडा दाखवेल. म्हणून दोघांनी उंची सांगताना कुठला फोन, कुठलं ॲप हे आधी जुळवून घ्यावं, नाहीतर एक जण दुसऱ्याला विनाकारण ६० मीटर खाली शोधत बसेल.

अजून एक, त्या निळ्या ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ. अँड्रॉइडमध्ये त्याचा अर्थ 'तुम्ही नक्की याच्या आत' असा नाहीये, ६८ टक्के शक्यता एवढाच आहे. म्हणजे तीनातून एकदा तुम्ही वर्तुळाच्या बाहेर असू शकता. नळीच्या वाटेसारख्या घळीत तर सिग्नल कड्यावर आपटून येतो, तिथे वर्तुळ लहान दिसलं तरी विश्वास ठेवू नका.

लीड्सकर
काळाचा मुद्दा राहिलाच. जानेवारी २०२१ मध्ये तुमच्याच तालुक्यात कोतूळजवळ झालं ते आठवत असेल. पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली गाडी रात्री नॅव्हिगेशनच्या भरवशावर पुलावर गेली, तो पूल धरणाच्या पाण्याखाली होता, एक जण गेला. त्या नकाशात पुलाची जागा चुकीची नव्हती, पूल तिथेच होता, आहे. फक्त तो वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो ही गोष्ट नकाशाला माहीत नव्हती.

रानमेवा
गावातल्या प्रत्येकाला माहीत होती.

कातळवाट
मंडळी, तीन रविवार गेले यात, आता सांगतो काय झालं.

काकांच्या पद्धतीने २४ खुणा केल्या. सहा विहिरी, नऊ बांधाचे कोपरे, बाकी टाकी आणि रस्त्यांचे फाटे. १९ खुणा एकाच दिशेला, ईशान्येला, ९ ते १४ मीटर सरकलेल्या निघाल्या. म्हणजे ज्याने काढलं त्याने सरकलेल्या फोटोवरून काढलं, ते सगळं एकदम ओढून जागेवर आणता येईल. चार खुणा इकडेतिकडे, पण २० मीटरच्या आत. आणि एक टाकं १४० मीटर लांब! तिथे जाऊन बघितलं तर टाकं नाहीच, मोठ्या धोंड्याची काळी सावली. फोटोत ती पाणी वाटली असणार. उन्हाळ्यात त्या खुणेच्या भरवशावर कुणी पाणी न घेता गेलं तर?

अक्षांश२३
वा! ते एक टाकं सरासरीत टाकू नका हं. उदाहरणच घ्या, २१ खुणा ६-६ मीटरने चुकल्या आणि एक १४० ने, तर साधी सरासरी येते १२, आरएमएसई, म्हणजे चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ, येतं ३०. यातला कुठलाच आकडा खरं चित्र सांगत नाही, कारण २१ ठिकाणी नकाशा उत्तम आहे आणि एका ठिकाणी पूर्ण खोटा. वेगळं लिहा: जागेची चूक एवढी, आणि चुकीची वस्तू एक.

कातळवाट
तेच तर पुढे सांगायचंय, आणि मला धक्का बसला तो इथेच. फेब्रुवारीतली ती रेघ. दिवसा उजेडी पाच जण तिच्यावरून चाललो, पाच ट्रॅक काढले, सरकलेपण दुरुस्त करून पट्टा लावला. ९६ टक्के रेघ १५ मीटरच्या आत! मी घरी येऊन तो आकडा बघत बसलो. इतके दिवस मला वाटत होतं की रेघ चुकीच्या जागी आहे. रेघ अगदी बरोबर जागी आहे. ती पायवाट नाहीये. ती गुरांची वाट आहे.

वरच्या वाडीतल्या एका आजोबांना सोबत घेऊन गेलो तेव्हा त्यांनी पहिल्याच वळणावर सांगितलं, ही ढोरवाट, गुरं कड्यापर्यंत चरत जातात आणि माघारी फिरतात. उन्हाळ्यात गवत वाळलं की ती वरून पांढरी फक्क दिसते, फोटोत सगळ्यात ठळक तीच. माणसांची वाट तिच्यापासून ऐंशी पावलांवर, कारवीच्या रानातून जाते, वरून काही म्हणजे काही दिसत नाही. आमच्या जुन्या टोपोशीटवर, डेटम बदलल्यावर, ती बरोबर तिथेच आली.

मोजणीदार
पोरांनो, छान काम केलंत. आजोबांना त्या वाटेचं नाव विचारलंत का?

कातळवाट
विचारलं काका. खालच्या टप्प्याला 'मोळीची वाट' म्हणतात, बायका मोळ्या घेऊन उतरायच्या म्हणून, आणि वरच्या टप्प्याला वेगळं नाव आहे, ते मला नीट ऐकू आलं नाही, परत जाऊन विचारणार आहे. अंदाजाने लिहीत नाही.

ओपनस्ट्रीटमॅपवर दुरुस्ती केलीये. ढोरवाट पुसली नाही, कारण ती जमिनीवर आहे, पण गिर्यारोहणाची वाट म्हणून जी नोंद होती ती काढून टाकली, कड्याची रेघ नव्याने आखली, आणि कोणत्या तारखेला चालून पाहिलं ते टाकलं. माणसांची वाट आमच्या ट्रॅकवरून नवीन काढली. सावलीचं टाकं काढून टाकलं. दोन वाड्या घातल्या, नावं तिथल्या लोकांकडून लिहून घेऊन, देवनागरीतच.

लीड्सकर
वाटेला ऋतूची नोंद पण घाला, पावसाळ्यात ओढा ओलांडता येतो का नाही ते. आणि ज्या नकाशांत आपल्याला हात घालता येत नाही तिथे 'चूक कळवा' असतं, फोटो जोडून पाठवा.

रानमेवा
पुढच्या वेळी मी येते सोबत. वाडीतल्या बायकांना विचारायला बाईमाणूस असलेलं बरं, पाण्याच्या वाटा त्यांना जास्त माहीत. मेच्या शेवटी कुठल्या टाक्यात पाणी राहतं तेही विचारून घेऊ.

कातळवाट
नक्की या ताई. येत्या रविवारी टोलारखिंडीची बाजू धरतोय, सकाळी सहाला खिरेश्वरात भेटायचं. पाऊस लागायच्या आत निदान बारा खुणा व्हायला हव्यात. ज्याच्याकडे पॉवर बँक आहे त्याने आणा, विहिरीवर दहा-दहा मिनिटं थांबून फोन लवकर उतरतो.